मागच्यांना ऐकू गेलं का?

बोलणं संपलं की ते उजवा हात कानामागं धरायचे आणि विचारायचे, "मागच्यांना ऐकू गेलं का?"

समोर एकच बाई उभी असली तरी विचारायचे. गिरणीत मी एकटीच असले तरीही. "अगं, बाजरी आधी घे, गहू मागनं. मागच्यांना ऐकू गेलं का?" मग मी मान हलवायची. माझ्या मागं भिंत, भिंतीवर पीठ, पिठावर पाल. पण त्यांना मान हलवलेली लागायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे अण्णा म्हणत, मीही अण्णाच लिहिते.

अण्णांची पिठाची गिरणी होती, नारायणगावकडून मंचरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात. मी तिथं कामाला होते. डबे उतरवायचे, दळण वरच्या पेटीत ओतायचं, पीठ भरून द्यायचं. गिरणी चालू असली की माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. पट्ट्याचा आवाज, दगडाचा आवाज. बाकीचे गिरणीवाले खुणांनी बोलतात. अण्णांनी खुणा शिकल्याच नाहीत, त्यांनी आवाज मोठा केला. गिरणी बंद झाल्यावरही तो लहान व्हायचा विसरायचा. रस्त्यापलीकडच्या शाळेतले गुरुजी एकदा येऊन म्हणाले, "अण्णा, कुणाची ज्वारी किती आहे ते आमच्या पोरांना पाठ झालंय."

अण्णा म्हणाले, "बरं हाय की! तुमी शिकवलेलं तरी कुठं होतंय पाठ?"

मला मोठ्यानं बोलता येत नाही. लहानपणापासूनच नाही. एसटीत कंडक्टर तिकीट विचारतो तेव्हा दोनदा सांगावं लागतं. म्हणून मला गिरणी बरी वाटायची. तिथं कुणी माझ्या बोलण्याची वाट बघत नसे.

अण्णांचा खरा आवाज मात्र घाटातला. तुम्ही आमच्या जुन्नर-आंबेगावकडचे असाल तर सांगायला नको. नसाल तर, बैलगाड्यांच्या शर्यतीच्या जागेला आमच्याकडे घाट म्हणतात. चढाची मोकळी वाट, दोन्ही अंगांना माणसं. चार बैल जुंपलेला गाडा, पुढं घोडी, गाड्यावर कुणी बसत नाही. निशाण पडलं की खालून बारी, म्हणजे ज्याची पाळी तो गाडा, सुटते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वर जाते. वाटेत उभं राहिलेलं माणूस तुडवलंच जायचं. म्हणून माईकवरचा माणूस बैलांची तारीफ करता करता एक डोळा गर्दीवर ठेवून असतो. ओझरपासून खोडदपर्यंत कुठल्याही जत्रेत हा माणूस म्हणजे अण्णा. "बाजूला व्हाऽऽ! सुटलीऽऽ!" असं ते म्हणाले की माणसं दुभंगायची. वाट मोकळी. बारी वर.

हा शब्द आमच्या अंगात किती मुरलाय ते मी गिरणीतच बघितलं होतं. एकदा दिवे गेले म्हणून गिरणी बंद होती, बायका रांगेत बसल्या होत्या. अण्णा कुठल्याशा जुन्या जत्रेची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता रंगात आले आणि ओरडले, "सुटलीऽऽ!" दोन बायका डब्यासकट उठून भिंतीला चिकटल्या. एकीनं तर शेजारणीचं पोर काखेत मारलं. आपलं कुणाचं हे बघायला वेळ कुठं असतो? मग सगळ्या इतक्या हसल्या की विचारू नका. ज्या बाईनं पोर उचललं ती म्हणाली, "अण्णा, मढं उठंल तुमच्या आवाजानं."

"उठंल," अण्णा म्हणाले, "पर बाजूला सरंल."

पुढं शर्यतींवर बंदी आली. बंदी कितीतरी वर्षं टिकली. बैल दावणीला, माईक फळीवर. अण्णांची मग सगळी हौस गिरणीत. डबे वर घेताना बाऱ्या पुकाराव्यात तसे पुकारायचे. "आता येत्यात खालच्या आळीचे मालक मंदाताई! डबा पितळी, माल बाजरी, दळण बारीक! मागच्यांना ऐकू गेलं का?" मंदाताई तोंडाला पदर लावायची. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, टोमॅटो मार्केटला न्यायचा. तो कधी डबा न्यायला आला तर अण्णा त्याला "पावणं" म्हणायचे, जणू तो गावचा नव्हेच. तो म्हणायचा, "अण्णा, घाट सुरू व्हायला पायजे राव. तुमी आमच्या बायकांचं डोकं उठावलंय."

त्या वर्षी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चषक भरवायचं ठरलं. कबड्डी, क्रिकेट सगळेच भरवतात. यांना काहीतरी वेगळं हवं होतं, म्हणून फुटबॉल. पुण्याचे खेळाडू येणार, परदेशातले शिकायला आलेले दोन काळेसावळे उंच पावणे येणार, असं गावभर झालं. ऊस तुटून गेलेल्या रानात जागा सपाट केली, चारी बाजूंनी पत्रे मारले, आत लोखंडी पाइप आणि फळ्यांची पायऱ्यापायऱ्यांची बैठक उभी केली. समितीचे लोक त्याला स्टेडियम म्हणायचे. आम्ही पत्रा म्हणायचो. त्याला दोन फाटकं होती. एक रस्त्याकडं, पाहुण्यांच्या मंडपाशेजारी. दुसरं मागं, बैठकीच्या अगदी पायथ्याशी, शेजारच्या उभ्या उसाकडं उघडणारं. उसातून फुकटे शिरतात म्हणून मागच्या फाटकाला कुलूप घातलं होतं.

समितीचे अध्यक्ष स्वतः गिरणीत आले होते अण्णांना बोलवायला. अण्णा म्हणाले, "साहेब, मला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"कळायचं काय त्यात? चेंडू आहे, माणसं आहेत. तुमच्या आवाजाला गर्दी येते, अण्णा. तेवढं बास."

किती वर्षांनी माईक हातात येणार. अण्णांनी दगडाला छिन्नीनं टाकी लावायचं काम अर्धं टाकलं आणि घशासाठी खडीसाखर आणायला गेले.

भोगीचा आदला दिवस होता तो. भोगीला बाजरीची भाकरी लागते, बाजरीचं पीठ चार दिवस आधी दळून ठेवलं तर कडू होतं, म्हणून सगळ्या गावाचा बाजरीचा डबा त्याच दिवशी गिरणीत येतो. आणि नेमकी वीज गेली. पत्र्याकडं जनरेटर होता, गिरणीला कुठला? मी आणि बायका दारात बसून राहिलो. दारातून पत्रा दिसायचा नाही, पण कर्णा गिरणीच्या बाजूलाच तोंड करून होता. अण्णांचं एकूण एक अक्षर ऐकू येत होतं.

काय हसलो आम्ही त्या दुपारी. फुटबॉलचा एक शब्द त्यांना ठाऊक नव्हता. गोलच्या जाळीला ते गोठा म्हणत होते. "चेंडू गोठ्याच्या दाराशी, पर गोठा राखणारा जागा हाय!" "पिवळ्या सदऱ्याचा खोंड उधळलाय, कासरा नाय, वेसण नाय!" "अरं अरं, पाडला त्याला! पंच आंधळं का काय?" मंदाताईनं हसून हसून डोळे पुसले. तिचा नवरा तिथंच गेला होता. म्हणाली, "आता घरी आला की आठ दिस गोठा गोठा करंल."

मग अण्णांचा आवाज खाली आला. बारीच्या आधी ते असाच खाली आणायचे. म्हणाले, "आता समदे गप. एक चेंडू, एक पावणा आन समोर एकटा गोठेवाला. पावणा मागं सरला. पावणा पळाला..."

आणि घाटात म्हणायचे तसं म्हणाले, "सुटलीऽऽ!"

मी तिथं नव्हते. पुढचं जे लिहिते ते नंतर लोकांनी सांगितलं आणि कोर्टात आलं तेवढंच. बैठकीवर सगळी आपल्याकडचीच माणसं. तो शब्द ऐकून खालच्या रांगा उठल्या आणि सवयीनं बाजूला सरल्या. पण तिथं बाजूला कुठं होतं? माणसांवर माणसं आली. त्या धक्क्यानं एक फळी निसटून वाजली. वरच्यांना वाटलं, फळ्याच सुटल्या. "सुटली, सुटली" असं तेही ओरडले आणि खाली धावले, जवळच्या फाटकाकडं. त्या फाटकाला कुलूप होतं. पुढच्यांना कुलूप दिसत होतं. मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या.

आम्हाला दारात ऐकू आलं ते वेगळंच. आधी ओरडा, आम्हाला वाटलं चेंडू गोठ्यात गेला. मग अण्णा, "काय नाय, काय नाय, जागेवर थांबा." मग, "मागच्यांनी ढकलू नका. म्होरं माणसं पडल्यात. मागच्यांनो, ऐकू येतंय का? ढकलू नका रं!" बायकांचं हसू तोंडावरच राहिलं. मग ते म्हणाले, "मागल्या फाटकाची किल्ली कुणाकडं हाय? किल्लीवाल्यानं फाटकाकडं जावं." पुन्हा तेच. पुन्हा तेच. "अध्यक्षसाहेब, किल्ली! साहेब, किल्ली द्या! साहेब, पाया पडतो, किल्ली!" त्यांचा आवाज फुटला तो त्या शब्दावर. नंतर नुसता कर्णा घरघरत राहिला.

मंदाताई उठून पळाली. तिचा पितळी डबा रांगेत तसाच राहिला.

फाटक कुणी उघडलं नाही. शेजारच्या रानातल्या ऊसतोडीवाल्यांनी कोयत्यांनी बाहेरून पत्रे फाडले, तिथून माणसं निघाली. जी निघाली ती निघाली. मंदाताईचा नवरा फाटकाशी सापडला. त्याच्या अंगावर जखम नव्हती. तो नुसता दबला होता. त्याच्याबरोबर आणखी होते. त्यांच्या घरच्यांना ते वाचायला लागू नये म्हणून नावं लिहीत नाही.

गावाला संक्रांत नव्हती. दुसऱ्या दिवशी वीज होती, पण गिरणी चालू करायला कुणी आलं नाही. अण्णा सकाळीच पोलीस ठाण्यात जाऊन बसले होते. बोलावणं आलं नव्हतं, आपल्या पायांनी गेले. आवाज पार गेला होता, घशातून फक्त वारा यायचा. तिथल्या माणसानं विचारलं, काय काम आहे? अण्णा म्हणाले, "सुटली म्हणणारा मीच."

असं बोलणारे ते एकटेच निघाले. ज्यांनी बैठक उभी केली ते म्हणाले, आम्ही समितीनं सांगितलं तशी केली. समिती म्हणाली, परवानगी होती. परवानगी देणारे म्हणाले, आम्हाला कागदावर दोन फाटकं दाखवली होती, कुलूप दाखवलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, किल्ली माझ्याकडं होती हे खरं, पण मागितली हे मला माहीतच नाही. गोंधळात काही ऐकू आलं नाही.

आता तुम्हीच बघा. अध्यक्ष मंडपात पहिल्या रांगेत सोफ्यावर, कर्ण्याच्या खाली. मी गिरणीच्या दारात, मध्ये रस्ता, शाळा, पडीक विहीर. मला ऐकू आलं. त्यांना आलं नाही.

पेपरात मात्र शब्दाचंच छापून आलं. शब्द छापायला सोपा असतो. गावात पोरंटोरं एकमेकांना दचकवायला "सुटली" म्हणायची आणि मोठी माणसं त्यांच्या पाठीत धपाटा घालायची. पण गिरणीकडं बघून घालायची.

काही दिवसांनी अध्यक्षांकडचा एक माणूस गिरणीत आला. गिरणी चालू होती. अण्णा आता खुणांनी बोलायला शिकले होते. त्यांनी खूण केली, बसा. तो बसला नाही.

"अण्णा, तुम्ही कबूल झालाच आहात. मोठेपणा आहे तुमचा. मग किल्लीचं कशाला काढता? वकील आम्ही देऊ. तुम्हाला काही होऊ देणार नाही. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय?"

अण्णा त्याच्या कानाशी गेले. त्यांचा आवाज चाळणीतून पडल्यासारखा झाला होता. "मी काढत नाय. मी मागितली व्हती. गावानं ऐकलं."

"कुणी ऐकलं? एक माणूस दाखवा. सगळ्यांनी लिहून दिलंय, गोंधळ होता, काही कळलं नाही."

मी तिथंच पीठ भरत होते. मी म्हणाले, "मी ऐकलं."

गिरणी चालू होती. कुणाला ऐकू गेलं नाही. तो माणूस निघूनही गेला.

मंदाताईचा डबा महिना-दीड महिना तसाच पडून होता. अण्णा त्याला हात लावू देत नव्हते. पुसायचे फक्त. दिवसकार्य सगळं आटोपल्यावर ती एके दिवशी आली. रांगेत इतर बायका होत्या, त्यांनी वाट दिली. आता ती काय बोलते, ऐकायचा धीर नव्हता. मी पेटीच्या मागं गेले. अण्णांनी डबा स्वतः उचलला, बाजरी निवडून बघितली, कीड लागली होती. त्यांनी घरातून नवी आणली. दळण स्वतः दळलं, आणि ते गरम पीठ डब्यात दाबून भरताना म्हणाले, "मंदा, माझ्या तोंडानं झालं."

ती म्हणाली, "तुमी किल्ली मागत व्हता. मी इथंच बसले व्हते. ह्या बी व्हत्या." आणि तिनं रांगेकडं बोट दाखवलं. रांगेतल्या बायका खाली बघायला लागल्या. कुणाचा नवरा अध्यक्षांच्या पतपेढीत, कुणाचा मुलगा त्यांच्या गाडीवर. त्यांना काय म्हणायचं? ज्याचं त्याचं घर असतं.

अण्णांना एकदा मी माझ्या मनातलं सांगितलं. गिरणी बंद करून आम्ही झाडत होतो. मी म्हणाले, "अण्णा, घाटात तुम्ही तोच शब्द जन्मभर म्हणालात. माणसं तशीच सरकायची, धक्काबुक्की व्हायची. कधी कुणी मेलं नाही. घाटाला फाटक नसतं."

एवढं लांबलचक मी कधी बोलले नव्हते. ते झाडू धरून उभे राहिले. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

ते म्हणाले, "मग फाटक हाय का नाय ते बघून त्वांड उघडायचं व्हतं मी. माईक धरणाऱ्यानं गर्दी बघायची असती. मी चेंडू बघत बसलो."

"पण कुलूप तुम्ही घातलं नव्हतं."

"कुलूप त्यांचं. शब्द माझा. वाटणी करत्यात तर माझी वाटणी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. पर माझ्या एकट्याच्या दारात समदा ढीग नका टाकू म्हनावं." मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "कुणाला म्हनणार?"

हात कानामागं गेला नाही. पत्र्यातल्या त्या दुपारपासून तो गेलाच नव्हता. मागच्यांना ऐकू गेलं का, हे त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं.

कोर्टाचं काय सांगायचं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. सकाळच्या एसटीनं जायचं, पिंपळाखाली बसायचं, दुपारी कळायचं की आज जज्जसाहेब रजेवर आहेत. पुढच्या खेपेला यांचे वकील आजारी. त्याच्या पुढच्या खेपेला कागद वर गेलेले. अण्णा प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून जायचे आणि दिवसभर त्यावर पिठाचा डाग शोधत बसून परत यायचे. अध्यक्ष, बैठकीचा ठेकेदार आणि अण्णा असे तिघे आरोपी. अध्यक्ष चारचाकीतून यायचे. एकदा तर त्यांनी अण्णांना म्हटलं, "चला, सोडतो गावापर्यंत. एकाच गावाला तर जायचंय." अण्णा म्हणाले, "नगं. तुमच्या गाडीला बी कुलूप असतं."

मध्येच शर्यतींवरची बंदी उठली. गावागावांत घाट पुन्हा सुरू झाले. बैलवाले पेढे घेऊन गिरणीत आले. म्हणाले, "आवाज बसलाय तर बसू द्या. तुमी नुसतं मंडपात बसा, माईक दुसरा धरंल." अण्णांनी पेढे बायकांना वाटले आणि खुणेनं नको म्हणाले. आमच्या गावच्या जत्रेला घाटातला आवाज गिरणीपर्यंत आला तेव्हा त्यांनी, दळण नसताना, गिरणी चालू केली. दगडावर दगड नुसते फिरत राहिले. ते संध्याकाळपर्यंत फिरत होते.

माझी साक्ष कशी आली ते सांगते. सरकारी वकिलांना एक तरी माणूस हवा होता. मंदाताईनं माझं नाव दिलं. मला विचारलं नाही. घरी येऊन म्हणाली, "मी बी बोलणार हाय, पर माझा मानूस गेलाय, मला म्हनतील रागानं बोलती. तुझं कुणी गेलं न्हाई. तुला बोललंच पायजे."

मी त्या रात्री जेवले नाही. तारखेला कोर्टात उभी राहिले. वकिलांनी विचारलं, काय ऐकलं? मी सांगितलं. जज्जसाहेब म्हणाले, "बाई, मोठ्यानं बोला." मी पुन्हा सांगितलं. लिहून घेणारा म्हणाला, "ऐकू येत नाहीये." अध्यक्षांचे वकील हसून म्हणाले, "यांचंच कुणाला ऐकू येत नाही, यांनी काय ऐकलं असेल?" सगळे हसले.

मी मागं बघितलं. अण्णा मागच्या भिंतीशी उभे होते, पिंजऱ्यात. त्यांनी उजवा हात उचलला आणि कानामागं धरला. इतक्या वर्षांनी. तोंडातून शब्द नाही. फक्त हात.

मग माझा आवाज कुठून आला, मला माहीत नाही. मी म्हणाले, "किल्ली कुणाकडं हाय! किल्लीवाल्यानं फाटकाकडं जावं! अध्यक्षसाहेब, किल्ली! साहेब, पाया पडतो, किल्ली!" जसं ऐकलं तसं, सगळं. वरचा पंखा फिरत होता तेवढाच आवाज राहिला. बाहेरच्या व्हरांड्यातले लोक आत डोकावले.

साहेब म्हणाले, "हे तुम्ही गिरणीतून ऐकलं?"

"व्हय. मी एकटीनं नाही. रांग होती."

पुढच्या तारखांना रांगेतल्या बायका आल्या. एकदम नाही. एक आली, मग दुसरी. ज्या बाईनं शेजारणीचं पोर उचललं होतं तीही आली. नवऱ्याशी भांडून आली. साहेबांनी विचारलं, इतके दिवस का नाही बोललात? ती म्हणाली, "इचारलं कुणी? घरी जबाब घ्यायला आलं ते बाप्यांनाच इचारून गेलं."

एवढं होईपर्यंत अण्णा थकले होते. जन्मभर पिठात श्वास घेतलेला माणूस. खोकला लागला की पट्ट्यासारखा थांबायचा नाही. शेवटी शेवटी खाटेवरून गिरणीचा आवाज ऐकायचे आणि हातानं दाखवायचे, दगड सैल कर, पीठ गरम येतंय. थंडीतच गेले. मी त्यांच्या उशाशी होते, वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, त्याही होत्या. त्यांना काही बोलायचं होतं असं नाही. त्यांचं बोलून झालं होतं.

निकाल त्यानंतर लागला. मंदाताई, मी आणि रांगेतल्या बायका मागच्या बाकावर बसलो होतो, मांडीवर पिशव्या घेऊन. साहेब वाचत होते. आवाज बारीक, वर पंखा, खिडकीबाहेर एसटीचा हॉर्न. पुढच्या रांगेत अध्यक्ष आणि त्यांची माणसं. त्यांना ऐकू जात असणार. आमच्यापर्यंत नुसती कुजबुज येत होती.

मंदाताईनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले.

"साहेब," मी म्हणाले, "मागच्यांना ऐकू येत नाही."

पट्टेवाला माझ्याकडं धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. चष्मा वर केला, आमच्याकडं बघितलं आणि पंखा बंद करायला सांगितला. मग पहिल्यापासून वाचलं. ठेकेदार दोषी. अध्यक्ष दोषी. किल्ली मागितली गेली होती आणि ते मागणं ऐकू जाईल अशा ठिकाणी ते बसले होते, हे साक्षींवरून सिद्ध होतं, असं ते म्हणाले. बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. मग तिसरं नाव आलं, अण्णांचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आरोपी मयत असल्यामुळे त्यांच्याविरुद्धचा खटला संपुष्टात आला आहे. एवढंच. मग कागद मिटला.

अध्यक्ष तासाभरात जामीन घेऊन बाहेर आले. वर अपील करणार, असं त्यांची माणसं म्हणत होती. चारचाकी आमच्या जवळून गेली. काच वर होती.

आम्ही एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. पाय दुखत होते सगळ्यांचे. मग मंदाताईनं विचारलं, "अण्णांचं काय म्हनलं गं ते? मला नीट कळलं न्हाई."

"खटला संपला म्हणाले."

"म्हंजी अण्णा सुटले?"

शब्द तिच्या तोंडून गेला. मागच्या बायका एक पाऊल मागं सरल्या, आपसूक, रस्ता मोकळा होता तरी.

"सुटले नाहीत," मी म्हणाले. "गेले."

एसटी आली. गावाच्या अलीकडं ते रान लागतं. पत्रे केव्हाच काढून नेलेत, पाइप दुसऱ्या कुणाच्या मंडपाला गेलेत. मागच्या फाटकाचे दोन खांब मात्र कुणी उपटले नाहीत. त्यांच्या मधून कुणाच्या तरी शेळ्या उसाच्या बांधाकडं चालल्या होत्या, एकामागं एक, सावकाश. मंदाताई खिडकीशी होती. शेळ्या सगळ्या पलीकडं जाईपर्यंत ती मान वळवून बघत राहिली.